ढग बघणारे तेवीस जण

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर एक झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायला, खरं तर जिन्याखालची जागा. आत एक मशीन, एक कॉम्प्युटर, कागदांचं एक लोखंडी कपाट आणि या तिघांमधून वाट काढत फिरणारा मामा. मामा जाडा, वाट अरुंद. पण इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांशी जुळवून घेतलं होतं.

मामा म्हणजे ठिपकीचा मामा. पण कॉलेजातली सगळीच पोरं त्याला मामा म्हणायची, त्यामुळे खऱ्या भाचीला वेगळा असा काही भाव उरला नव्हता. तिच्या हनुवटीवर तीळ होता म्हणून ती ठिपकी. कागदोपत्री नाव निराळं होतं, पण ते परीक्षेच्या दिवशीच बाहेर निघायचं. वर्ष शेवटचं. कॉलेज सुटलं की ती दुकानात, आणि दुकान मिटलं की मामाबरोबर जिना चढून वर, जिथे तिची आई, म्हणजे मामाची ताई, हॉस्पिटलच्या लाँड्रीतून दमून आलेली असायची.

दुकानाचा मोठा धंदा म्हणजे बायोडेटा. शेवटच्या वर्षाची पोरं यायची आणि म्हणायची, "मामा, एक मस्त रेझ्युमे बनवून दे, आणि त्याच्याबरोबर ते पत्र असतं ते." मामा सहावीपर्यंत शिकलेला. टायपिंग दोन बोटांनी, कोंबडीनं दाणे टिपावेत तसं. पण त्याच्याकडे साचा होता. कॉम्प्युटरात एक फाइल होती, तिचं नावच 'साचा'. त्यात नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, मार्क बदलायचे. बाकी माणूस तोच राहायचा. मेहनती, प्रामाणिक, वेळेचा पक्का, कुठल्याही वातावरणात मिळूनमिसळून काम करणारा. खाली पत्र: 'आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन.' फोटोसाठी खिळ्यावर एक काळा कोट टांगलेला. ज्याला हवा त्यानं चढवायचा, फोटो काढायचा, परत टांगायचा. बारक्याला तो गुडघ्यापर्यंत यायचा आणि लांबूला कोपरापर्यंत. पण फोटोत काय, छातीपर्यंतच दिसतं.

अशी किती पोरं त्या एका कोटातून आणि एका साच्यातून नोकरीला लागली, देव जाणे. ठिपकी दहा बोटांनी टाइप करायची, त्यामुळे गेली तीन वर्षं ते काम तिच्याच अंगावर पडलं होतं.

आता कागदाचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. कागद हा मोठा नाजूक प्राणी आहे. हवा दमट झाली की तो ओल धरतो, कडेनं वळतो आणि मशीनच्या पोटात जाऊन अडकतो. म्हणून मामानं कपाटात खालच्या कप्प्यात एक दिवा बसवला होता, साधा पिवळा बल्ब. तो लावला की कपाट आतून ऊबदार राहायचं. मग कायमचाच का नाही लावून ठेवायचा? तर कोरड्या हवेत दिवा लावला की कागद एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन, तीन-तीन मिळून आत घुसतात. म्हणजे लावला तरी पंचाईत, न लावला तरी पंचाईत. रोज ठरवावं लागायचं.

आणि ते ठरवायची ठिपकी. दहा वर्षांची होती तेव्हापासून. सकाळी मामा शटर वर ढकलायचा आणि ओरडायचा, "ठिपके, दिवा लावू का गं?" ती पायरीवर उभी राहायची. समोरच्या दोन इमारतींच्या मधून आकाशाची एक पट्टी दिसायची, टेकडीच्या माथ्यापर्यंत. पट्टीत काय चाललंय ते बघायचं, वारा कुठून येतो ते गालावर घ्यायचं आणि सांगायचं, "लाव." किंवा, "नको, दुपारी बघू." दात घासावेत तितकं सवयीचं झालं होतं ते. त्याला काम म्हणायचं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याच टेकडीवर वेधशाळा होती. पांढरी फळ्याफळ्यांची एक पेटी चार पायांवर उभी, शेजारी वाऱ्यानं गरगरणाऱ्या वाट्या. शाळेत असताना एकदा बाईंनी सगळ्या वर्गाला तिथे नेलं होतं. बाकीची पोरं गवतात लोळत होती. ठिपकीला मात्र वेधशाळेच्या बाईंनी पेटीचं दार उघडून दाखवलं. दार उत्तरेला उघडायचं, ऊन आत शिरू नये म्हणून. आत काचेची नळी, नळीत पाऱ्याची रेघ. "किती दिसतंय?" बाईंनी विचारलं होतं. ठिपकीनं आकडा सांगितला आणि बाईंनी तो खरोखरच वहीत लिहिला. एका पोरीनं सांगितलेला आकडा! त्या दिवसापासून ती पेटी तिच्या स्वप्नात यायची. कधी पेटीत पाखरं असायची, कधी पेटी उघडली की आत आणखी एक टेकडी.

आणि या वर्षी कॉलेजच्या बोर्डावर कागद लागला. वेधशाळेत मदतनीस निरीक्षक हवा. जागा एक. अर्ज कागदावर, स्वतः आणून द्यायचा, अमुक तारखेला चारच्या आत.

ती तारीख म्हणजे आजची.

महिनाभर ठिपकी स्वतःचा अर्ज लिहीत होती आणि फाडत होती. दुसऱ्याचा असता तर दहा मिनिटांत उरकला असता. स्वतःचा म्हटलं की बोटं लाकडाची व्हायची. शेवटी आज सकाळी तिनं मुकाट्यानं साचा उघडला, स्वतःचं नाव घातलं आणि म्हटलं, जाऊ दे, सगळे असंच करतात.

तेवढ्यात लांबू आला. लांबू तिच्या वर्गातला, दारातून वाकूनच आत येणारा.

"मामा," तो म्हणाला, "माझ्या बायोडेटात ढग कुठून आले?"

"कुठले ढग?"

"काल वेधशाळेत अर्ज द्यायला गेलो. फाटकावरच्या कारकुनानं कागद बघितला आणि हसायलाच लागला. म्हणाला, आला आणखी एक ढगवाला. तेविसावा! मी म्हटलं, काय झालं? त्यानं बोट ठेवून दाखवलं. छंद, ढग बघणे. अरे मामा, मी कधी बघितले ढग? मी खाली बघून चालतो तरी ठेचा खातो."

"ते असतंच," मामा म्हणाला.

"असतंच म्हणजे?"

"असतंच म्हणजे असतंच. नाव, पत्ता, शिक्षण, ढग. सगळ्यांच्यात असतं. नियम आहे तो."

"कुणाचा नियम?"

मामा विचारात पडला. "वरचा असेल," तो म्हणाला. "मागे एक पोरगी म्हणाली, मामा हे काढ. मी म्हटलं, राहू दे बाई, उगाच तेवढ्यावरून अर्ज परत यायचा."

ठिपकीनं स्क्रीनकडे बघितलं. अगदी खाली, भाषा आणि सही यांच्यामध्ये, ती ओळ बसली होती. छंद: ढग बघणे. तिनं हजार वेळा त्या ओळीवरून बोट नेलं होतं, पण जिन्याची पायरी कोण बघतो? आणि मग तिला आठवलं, असं आठवलं की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दहा वर्षांची होती. मामा कागदाच्या रिमा आणायला गेला होता. तिनं खुर्चीवर उशी ठेवली, वर बसली आणि साच्यात जिथे छंदापुढे जागा रिकामी होती तिथे एकेक अक्षर शोधून आपला छंद लिहिला. सगळ्यात खरी गोष्ट लिहिली. मामा आला, ती खाली उतरली, आणि अकरा वर्षं त्या ओळीला कुणी हात लावला नाही.

"मामा," ती म्हणाली, "ती ओळ मी लिहिलीय."

"तू?"

"मी. तू रिमा आणायला गेला होतास तेव्हा."

मामा खाली बसला. तो बसला की खुर्चीला बोलता येत असतं तर ती बोलली असती. "म्हणजे वरचा नियम नाही?"

"नाही रे."

"अरे देवा. मी डॉक्टरच्या पोरालाही लावला ढग."

लांबूला हसू आवरेना. "एकाला म्हणे मुलाखतीत विचारलंही होतं. त्यानं असं काही ठोकून दिलं की जागेवर नोकरी! बरं चल, मला काय, मला ती नोकरी नकोच होती, बाबांनी ढकललं म्हणून गेलो." आणि वाकून निघून गेला.

त्याचं बरं होतं. ठिपकीचं काय? जगात एकच माणूस खरोखर ढग बघत होता, आणि तो टेकडीवर पोचायच्या आधी त्याचे तेवीस झेरॉक्स पोचले होते. आता तिनं ती ओळ ठेवली तर ती चोविसावी. काढली तर उरतं काय? मेहनती, प्रामाणिक, वेळेची पक्की. तेही त्या तेवीस जणांनी नेलंच होतं.

"माझ्याकडे लिहायला काही नाही, मामा," ती म्हणाली. "अनुभव, काही नाही. बक्षिसं, काही नाही. मी आयुष्यभर या जिन्याखाली बसलेय."

मामाला असलं बोलणं सहन व्हायचं नाही, मग तो चिडायचा. "रडू नको. मला त्या बायोडेटातलं काही कळत नाही, पण एक सांगतो. आपलं मशीन बिघडलं की कारागीर येतो ना? मागे एक आला होता. अर्धा तास मला सांगत होता, मी लई मेहनती, लई प्रामाणिक. मी म्हटलं, लग्न जमवायचंय का माझ्याशी? घालवून दिला. दुसरा आला, काही बोलला नाही. झाकण उघडलं आणि म्हणाला, हा रूळ घासलाय, असाच रूळ मी परवा कोर्टाच्या मशीनला बदलला, एकदा उलटा बसवला होता म्हणून आता खूण करून ठेवतो. मी म्हटलं, कर बाबा, हात घाल."

"पण मी कुठला रूळ बदललाय?"

"ते मला काय ठाऊक? तूच बघ." आणि तो डबा घेऊन मागच्या बाजूला जेवायला बसला.

दुपारची वेळ. कॉलेज वर्गात गेलेलं, गल्ली रिकामी. मशीन नुसतं गुणगुणत होतं. ठिपकीनं एकदा पायरीवरून पट्टी बघितली, नेहमीसारखी, मग काउंटरवर नुकत्या निघालेल्या कोमट कागदांच्या गठ्ठ्यावर गाल टेकला. कोमट कागदासारखी उशी नाही. डोळे कधी मिटले ते तिलाही कळलं नाही.

मग दुकानाचं छत उचललं गेलं, डब्याचं झाकण उचलावं तसं. कागद एकेक करून वर निघाले. घाई नाही, आवाज नाही. आडवे, पांढरे, कडेला जरा वळलेले. वर जाऊन ते तरंगत राहिले आणि त्यांचं आभाळ झालं. प्रत्येक कागदाला वरच्या कोपऱ्यात एक डोकं होतं आणि प्रत्येक डोक्याखाली तोच काळा कोट. लांबू होता, डॉक्टरचा पोरगा होता, मागे 'हे काढ' म्हणणारी पोरगी होती. सगळे मान वर करून ढग बघत होते, आणि ढगही तेच होते, म्हणजे सगळे एकमेकांनाच बघत होते. खाली टेकडीवर ती पेटी होती. पेटीचं दार उघडं होतं, पण आत नळी नव्हती. आत पिवळा दिवा होता, कपाटातला. बाई वही घेऊन उभ्या होत्या. "यातली तू कुठली?" त्यांनी विचारलं. ठिपकी शोधायला लागली. एक कागद उलटा केला, कोट. दुसरा उलटा केला, कोट. आपला कागद सापडला तेव्हा त्याच्यावर काहीच नव्हतं, नुसता कोमट होता, आणि हातात घेतला तर हळूहळू मऊ पडायला लागला. कडेनं वळायला लागला. तिला वाटलं, अगं, हा आता अडकणार—

"ठिपके! दिवा लावू का गं?"

"तीनच्या आत लाव," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच.

"आत्ता तर चांगलं ऊन आहे."

"असू दे. वारा फिरलाय. पट्टीत खाली पांढुरकं आलंय. तीनच्या आत."

"बरं."

ठिपकीनं डोळे उघडले. मामा डबा धुऊन हात पुसत उभा होता. त्यानं वाद घातला नाही. त्याला ऊन दिसत होतं, अंगाला लागत होतं, तरी त्यानं वाद घातला नाही. अकरा वर्षं तो असाच नुसतं 'बरं' म्हणत आला होता.

ती उठली, कपाटाशी गेली आणि दार पूर्ण उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, मामाचं पोट मध्ये येतं म्हणून त्याला कधीच वाकून दिसलं नसतं अशा ठिकाणी, पेन्सिलीनं बारीक बारीक तारखा लिहिल्या होत्या. ज्या ज्या दिवशी तिचं सांगणं चुकलं, त्या त्या दिवसाची तारीख. लहान असताना गोल अक्षरात, मग तिरप्या, मग आताच्या. तिनं बोट ठेवत मोजल्या. एकेचाळीस.

साचा तिनं बंद केला. कोरं पान उघडलं आणि दहा बोटांनी लिहिलं:

'वेधशाळेच्या बाईंना नमस्कार.

तुमच्याकडे तेवीस जणांनी ढग बघणे हा छंद लिहून पाठवला आहे. ती ओळ माझी आहे. दहा वर्षांची असताना मी ती आमच्या दुकानातल्या साच्यात लिहिली आणि ती तशीच राहिली. त्या तेवीस जणांची त्यात काही चूक नाही.

आमच्या दुकानात कागदाचं कपाट आहे. हवा दमट होणार असेल तर त्यात दिवा लावावा लागतो, कोरडी राहणार असेल तर लावून चालत नाही. अकरा वर्षं, दुकान उघडं असेल त्या प्रत्येक सकाळी, मी एकाच पायरीवरून आकाश आणि वारा बघून दिवा लावायचा की नाही ते सांगते. एकेचाळीस वेळा चुकले. तारखा सोबत जोडल्या आहेत. बहुतेक वेळा वारा मागाहून फिरला. सहा वेळा मी नीट बघितलंच नाही, कारण परीक्षा होती किंवा मी रुसले होते.

ढगांची शास्त्रातली नावं मला सगळी येत नाहीत, ती शिकेन. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून बघणं आणि जे दिसलं तेच सांगणं एवढं येतं. खात्री करायची असेल तर दुकानात मामा आहे, त्याचा नंबर खाली दिला आहे. तो फोनवर ओरडतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.'

एका पानावर शिक्षण आणि मार्क, दुसऱ्यावर हे पत्र, तिसऱ्यावर एकेचाळीस तारखा. छंद कुठेच नाही. फोटो काढला तो कोट न घालता.

"कोट?" मामा म्हणाला.

"नको."

"बरं," मामा म्हणाला.

टेकडी चढून ती फाटकाशी पोचली तेव्हा अडीच वाजून गेले होते. कारकुनानं कागद हातात घेतला आणि बोट थेट खालच्या ओळीवर नेलं. सही होती. त्यानं उलटसुलट करून बघितलं. "ढग नाहीत?" तो म्हणाला, जरासा हिरमुसून.

"पत्रात आहेत."

त्यानं चार ओळी वाचल्या, खुर्ची मागे सरकवली आणि आत गेला. परत आला आणि म्हणाला, "बाई बोलावतायत."

बाई त्याच होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. ठिपकीला त्यांनी ओळखलं नाही, कशा ओळखणार? टेबलावर अर्जांचा गठ्ठा पडला होता. त्यात काळ्या कोटांची रांग दिसत होती.

"म्हणजे तू ती," बाई म्हणाल्या. "मला वाटलं कॉलेजात ढगांची साथ आलीय." मग तारखांचं पान त्यांनी बराच वेळ वाचलं. मागच्या कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं, एक तारीख बघितली, दुसरी बघितली. फोन उचलला आणि पत्राखालचा नंबर फिरवला.

"हॅलो! कोण पाहिजे!" मामाचा आवाज फोनमधून निघून खोलीभर फिरला. ठिपकीनं डोळे मिटून घेतले.

"मी वेधशाळेतून बोलतेय. तुमच्याकडे कपाटात दिवा आहे का?"

"आहे! का? परवानगी लागते काय?"

"नाही हो. तो लावायचा की नाही, कोण ठरवतं?"

"भाची ठरवते! मला काय कळतंय? ती सांगते लाव, मी लावतो!"

"किती वेळा चुकली?"

मामा बोटं मोजत असणार. "नऊ! अकरा वर्षांत नऊदा मशीन अडकलं, खोटं नाही सांगणार. पण बाई, पोरगी चांगली आहे हो, नऊ म्हणजे काही फार—"

"तिनं एकेचाळीस लिहिल्यात."

"एकेचाळीस!" फोन जवळजवळ उडाला. "मग बाकीच्या बत्तीस कुठं गेल्या?"

बाईंनी ठिपकीकडे बघितलं. ठिपकी जमिनीकडे बघत होती. "कागदांना इस्त्री करायचे," ती हळूच म्हणाली. "त्याला कळायच्या आत."

"इस्त्री करायची म्हणतेय," बाईंनी फोनमध्ये सांगितलं.

"तरीच!" मामा गरजला. "तरीच ताईची इस्त्री सारखी माझ्या रिमांजवळ सापडायची! मला वाटायचं ताईच विसरभोळी झालीय. अहो, मी भांडलोय तिच्याशी!"

बाईंचा चेहरा हसू दाबून दाबून लाल झाला. "आज काय सांगितलंय तिनं?"

"तीनच्या आत लाव म्हणाली. पावणेतीनला लावला. पण बाई, खरं सांगू, इथं ऊन मी म्हणतंय."

बाईंनी फोन ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होती. खिडकीतून ती पांढरी पेटी दिसत होती, शेजारच्या वाट्या हळू फिरत होत्या, आणि गवतावर, पेटीवर, फाटकावर, सगळीकडे लखलखीत ऊन पडलं होतं. खाली सगळं गाव त्या उन्हात झोपल्यासारखं दिसत होतं. ठिपकीला आपला तो मघाचा कागद आठवला, कोरा आणि कोमट. अजून आपण काउंटरवर गाल टेकून पडलोय की काय, असंही तिला क्षणभर वाटलं.

तीन वाजले. ऊन तसंच.

ती उठली. टेबलावरची पेन्सिल उचलली, तारखांचं पान स्वतःकडे ओढलं आणि एकेचाळीसच्या खाली आजची तारीख लिहिली.

"बेचाळीस," ती म्हणाली.

बाईंनी विचारलं, "इथे बसून चूक लिहायची काय गरज होती? मी तुझं कपाट बघायला येणार नव्हते."

"चुकलं ते चुकलं ना पण."

बाईंनी पान घेतलं, गठ्ठ्यात ठेवलं नाही, वेगळं ठेवलं. "जा आता," त्या म्हणाल्या. "वरून कागद यायला पंधरा दिवस लागतात. कधी वीस."

ठिपकी उतारानं खाली निघाली. हातात पत्राची एक प्रत होती, सवयीनं काढलेली. अर्ध्या वाटेवर तिला वाटलं, कागद हाताला निराळा लागतोय. थांबली. कागदाचा कोपरा मऊ पडला होता, जरासा वळला होता. तिनं मान वर केली. टेकडीच्या पाठीमागून पांढुरकं काहीतरी हळूहळू सरकत येत होतं, आणि उन्हाच्या कडा पुसट होत होत्या. परत वर जावं आणि म्हणावं, बाई, आलं बघा? पाय वळलेही. पण तिनं तीन सांगितले होते, आणि तीन केव्हाच होऊन गेले होते. ती खाली उतरली.

दुकानात मामा कपाटाच्या दारात मावेल तेवढा वाकला होता आणि आतल्या तारखा वाचायचा प्रयत्न करत होता. "ही कुठली गं?" तो म्हणाला. "ही मला आठवतेय, या दिवशी मी तुला शाबासकी दिली होती. लबाड!" आणि मग घसा खाकरून, "इस्त्रीचं ताईला तूच सांग. मी माफी मागणार नाही."

कागद सतरा दिवसांनी आला. एकच नाव, तेही कागदोपत्रीचं, त्यामुळे मामाला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाचं पत्र आलं. मग त्यानं त्याच्या नऊ प्रती काढल्या. कशाला, ते त्यालाच ठाऊक. साच्यातली ढगांची ओळही त्यानं स्वतः दोन बोटांनी खोडली आणि जागा रिकामी ठेवली. आता पोरं आली की तो तिथे बोट ठेवतो आणि दरडावतो, "इथं काय घालू? खरं सांग. आणि विचार करायला वेळ लागत असेल तर बाहेर पायरीवर बस."

पहिल्या दिवशी ठिपकी सहालाच टेकडीवर हजर झाली. बाईंनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. "इथे लिहायचं. चुकलं तरी खोडायचं नाही, शेजारी लिहायचं." मग त्या पेटीकडे गेल्या. ठिपकीनं मागची पानं उलटली, अर्ज दिला त्या दिवसापर्यंत, आणि तिथे बाईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: दमट हवा पोचली, तीन वाजून सत्तावीस. आणि समासात, पेन्सिलीनं: खाली दिवा पावणेतीनला.

ती त्या ओळीकडे बघत बसली. बाहेर धुकट उजेडात पेटीचं दार उत्तरेला उघडं होतं आणि वाट्या अजून झोपेतच फिरत होत्या.

टेबलावरचा फोन वाजला. बाईंनी बाहेरूनच हात हलवला, तूच घे.

"हॅलो, वेधशाळा," ठिपकी म्हणाली.

"ठिपके!" फोन ओरडला. "दिवा लावू का गं?"